आमदारांची संख्या पाठ आहे, अर्ज लिहिता येत नाही: शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
मा. संचालक, बालभारती, पुणे,
मा. अध्यक्ष, राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.

विषय : नववी-दहावीच्या नव्या अभ्यासक्रमात रोजच्या व्यवहारातला कायदा शिकवण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात, माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम बदलतो आहे. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून त्याची सुरुवात झाली आणि नववी-दहावीची पाळी अजून यायची आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. एकदा पुस्तक छापून दुकानात आले की पुढची आठ-दहा वर्षे त्यात काही हलत नाही, हे आम्हा शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे. आणि पत्र खुले अशासाठी, की यातले पालकांनीही वाचावे, आपल्या मुलांना काय शिकवले जाते आणि काय नाही ते पाहावे आणि त्यांना पटले तर त्यांनीही आपल्याकडे हेच मागावे.

माझ्या विद्यार्थ्यांना विधानसभेचे सदस्य २८८ आणि विधानपरिषदेचे ७८, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कोणत्या पाच देशांना आहे, तेही येते. ते आलेच पाहिजे, मी ते मन लावून शिकवते. पण यातल्या पुष्कळ मुलांच्या हातात दहावीनंतर राज्यशास्त्राचे पुस्तक पुन्हा कधीच येणार नाही. कुणी आयटीआयला जाईल, कुणी सायन्सला, कुणी वडिलांबरोबर शेतात, कुणी ऊसतोडीला आणि काही मुली, मला हे लिहितानाही त्रास होतो, सरळ बोहल्यावर. म्हणजे नागरिक म्हणून जे काही शिकवायचे त्याची शेवटची संधी माझ्या वर्गात आहे. त्या संधीत आपण त्यांना राज्याची रचना शिकवतो, पण तहसीलच्या खिडकीवर, पोलीस ठाण्यात, तलाठ्यासमोर काय करायचे ते शिकवत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी पूर्वपरीक्षा झाल्यावर यायची थांबली. चौकशी केली तेव्हा लग्न होऊन गेले होते. नंतर वर्गातल्या मुली हळूहळू बोलू लागल्या. त्यांना सगळे माहीत होते : तारीख, कार्यालय, नवऱ्या मुलाचे गाव. “मग कुणाला सांगितलं का नाही?” असे विचारले, तर एक म्हणाली, “बाई, पोलिसांत गेलं तर आमचंच नाव येईल ना.” याच मुलींनी मुलीचे लग्नाचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस, असे परीक्षेत लिहिले होते. त्यांना वय ठाऊक होते, पण वाट ठाऊक नव्हती.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ सालचा आहे. आपल्या राज्यात खेड्यापाड्यांत बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकालाच नेमलेले आहे. म्हणजे ज्या माणसाला या मुली रोज ग्रामपंचायतीत बघतात, तोच तो अधिकारी, आणि हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते. लग्न होण्याआधी न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेले लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही. आणि लग्न झालेच असेल, तरी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती मुलगी स्वतः न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेऊ शकते. हे शेवटचे तर मी सांगते तेव्हा वर्गात मुली एकमेकींकडे बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पाचांतल्या एकीहून जास्त. हा आकडा आपल्या विभागाच्या प्रत्येक बैठकीत समोर ठेवावा असे मला वाटते, कारण त्या मुलींपैकी अनेक जणी कधी ना कधी आपल्याच शाळांच्या पटावर होत्या.

आता सध्याच्या पुस्तकांविषयी. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. सातवीचे ‘आपले संविधान’ मुलांना कळते. आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था येते, दिवाणी आणि फौजदारी यांतला फरकही येतो. पण नेमकी नववी, म्हणजे मूल चौदा-पंधराचे होते आणि घराबाहेरच्या जगाशी त्याचा एकट्याने व्यवहार सुरू होतो, ते पूर्ण वर्ष परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि आंतरराष्ट्रीय प्रश्नांचे आहे. दहावीत निवडणूक, पक्ष, चळवळी. माहितीच्या अधिकाराचा उल्लेख येतो. पण तो अर्ज कुणाच्या नावे करायचा, दहा रुपयांचे तिकीट कुठे लावायचे, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील कुणाकडे, हे मुलाने स्वतःच्या हाताने एकदाही लिहिलेले नसते. त्यातून इतिहासाच्या पाठीला बांधून एकच प्रश्नपत्रिका. तिच्या चाळीस गुणांतला मोठा वाटा इतिहासाचा, त्यामुळे जानेवारी उजाडला की राज्यशास्त्राच्या तासिका गणित-इंग्रजीच्या जादा तासांना जातात. मुख्याध्यापकांना दोष देत नाही. शाळेचा निकाल कशावर मोजला जातो ते त्यांनाही माहीत आहे.

२६ जानेवारी २०२० पासून शाळांच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचली जाते. मला ती रोज ऐकायला आवडते. ‘न्याय’ हा शब्द मुले मोठ्याने म्हणतात. त्याच मुलांना न्यायालयाची पायरी कशी चढायची, वकील परवडत नसेल तर काय करायचे, हे मात्र कळत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार कोणतीही स्त्री, कोणतेही बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, कोठडीतला माणूस यांना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० हा तिचा रस्ता दाखवणारा फोन क्रमांक. माझ्या वर्गातल्या सगळ्याच मुली या कलमात बसतात, आणि अठराच्या आतले असल्यामुळे मुलगेही. दरवर्षी नवा वर्ग आला की मी विचारते, आणि अजून एकाही मुलाने हे आधी ऐकलेले नसते.

पोलीस ठाण्याबद्दलची भीती हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर मला सविस्तर बोलायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने सगळा महाराष्ट्र हादरला. चिमुकल्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ताटकळत बसावे लागले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर आपल्या विभागाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांवर भर दिला. हे सगळे हवेच. पण कॅमेरा बघत राहतो, तो मुलाला बोलायला शिकवत नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात घेतलीच नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि कोणत्याही बालकाला कोणत्याही कारणासाठी रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. बालकांच्या जबाबाचे हे नियम पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात २०१२ पासून लिहिलेले आहेत. अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा मोठ्या माणसांसाठी गुन्हा आहे. बालकाला मात्र त्यासाठी शिक्षा नाही. म्हणजे मैत्रिणीचे गुपित कळलेल्या मुलीने घाबरायचे कारणच नाही. एवढे एक वाक्य जरी प्रत्येक आठवीच्या वर्गात सांगितले गेले, तर किती तोंडे उघडतील याचा विचार करा.

मुलांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, कारण कायदा म्हणजे फक्त हक्क असे कुणाला वाटू नये. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने सुरुवातीला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घराघरांत चर्चेत होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गाने मला पहिल्याच आठवड्यात विचारले, “बाई, निबंध का?” पुस्तक मिटून ठेवले आणि दोन तासिका त्याच विषयावर घेतल्या. अल्पवयीन मुलाला तुरुंगात का ठेवत नाहीत, सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर मंडळ काय तपासते, मेलेल्या माणसांच्या आईवडिलांना न्याय म्हणजे काय. वर्गात कधी न बोलणारी मुले त्या दिवशी हात वर करून उभी होती. मग मी मोटार वाहन कायद्यातले २०१९ साली आलेले कलम १९९ अ फळ्यावर लिहिले : अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत येणारी मुले तिथेच बसली होती. आपल्यामुळे बापाला तुरुंग होऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्या दोन तासिका अभ्यासक्रमात कुठेच बसत नव्हत्या. दैनिक टाचणात काय लिहायचे, हा प्रश्न होता.

जमिनीचे काय? माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी, थोडा का होईना, सातबारा आहे. इतिहासाच्या तासाला मी त्यांना १८७५ चा दख्खनचा उठाव शिकवते : पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे हिसकावून जाळली, कारण त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि त्याच कागदांवर त्यांची जमीन गेली होती. पुढे १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांना अग्रस्थान दिले. मोडी, कारण तेव्हाचे दस्तऐवज मोडीत असत. शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःचा कागद वाचता यावा, ही त्यांची मागणी होती. आजचा कागद देवनागरीत आणि मोबाइलवर आहे, तरीही माझ्या दहावीतल्या मुलाला सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्याचा अर्थ सांगता येत नाही. फेरफार म्हणजे काय, वारस नोंद कशी होते, आठ-अ कशासाठी, काहीच नाही.

आणि मुलींना तर याहून मोठी गोष्ट सांगितली जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलींना मुलांइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली. केंद्राने ती २००५ मध्ये केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, हे स्पष्ट केले. देशाच्या अकरा वर्षे आधी आपण हे केले, याचा मला अभिमान आहे. पण अठरा पूर्ण होताच, लग्नाआधी नाहीतर वडील गेल्यावर लगेच, मुलींसमोर हक्कसोडपत्र येते. सही करावी की करू नये हा त्यांचा निर्णय आहे, त्यात शाळेने पडू नये. पण सही करण्यापूर्वी तो कागद त्यांना वाचता आणि समजता आला पाहिजे. भावावरच्या मायेने सोडणे वेगळे आणि काय सोडले हेच न कळणे वेगळे.

दहावीच्या निकालानंतर उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमी लेयरचा, जातीचा दाखला आणि मग जात पडताळणी यांसाठी मुले आणि पालक सेतू केंद्राबाहेर उभे असतात. दलाल तिथेच असतो. लोकसेवा हक्काचा कायदा या राज्याने २०१५ साली केला आहे : प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, अर्जाची पोच, मुदतीत काम झाले नाही तर पहिले आणि दुसरे अपील, त्यानंतर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. हा कायदा ज्याला सगळ्यात जास्त लागतो त्या सोळा वर्षांच्या मुलापर्यंत तो पोचवायची जबाबदारी आपली आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३०, ग्राहक तक्रारीसाठी १९१५, आणि थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला दिले तर पोलीस आपल्याच दारात येतात, हेही याच वयात सांगायचे आहे. त्याला फार वेळ लागत नाही.

यावर जे म्हटले जाईल ते मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम आधीच जड आहे. खरे आहे, म्हणून मी नवा विषय मागत नाही. नववीतल्या आंतरराष्ट्रीय भागातला काही मजकूर कमी करा, जागा होते. शिक्षकांना कायदा येत नाही. हेही खरे आहे, आणि त्यावर उपाय खाली सुचवला आहे. तिसरा आक्षेप शिक्षक कक्षात दबक्या आवाजात घेतला जातो : कायदा शिकवला तर मुले आपल्यालाच कायदा दाखवतील. शाळेत शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, हे मुलाला कळले म्हणून शिक्षकाचे काय बिघडणार आहे? ज्याचे बिघडेल त्याने आपली पद्धत बदलावी. माझा अनुभव असा, की नियम आणि त्यामागचे कारण समजलेला वर्ग जास्त शिस्तीत बसतो.

हे कुठेच झालेले नाही असेही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी १९७२ पासून शहरातल्या माध्यमिक शाळांत जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवत आले आहेत. आपल्याकडेही विधी महाविद्यालयांत विधी सहाय्य हा शिक्षणाचा भाग आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाची साक्षरता शिबिरे शाळांत होतात. पण शिबिर म्हणजे एक भाषण, हारतुरे, फोटो आणि अहवाल. तीन वर्गांना एकाच मंडपात बसवून चाळीस मिनिटांत बारा कायदे सांगितले, तर मुलांच्या लक्षात पाहुण्यांचे नावही राहत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. नववी आणि दहावीच्या नव्या राज्यशास्त्रात दरवर्षी रोजच्या व्यवहारातल्या कायद्याचा एक स्वतंत्र विभाग असावा. त्यात किमान पोलीस आणि अटक, बालकांचे संरक्षण व बालविवाह, जमिनीची कागदपत्रे व वारसा, माहिती अधिकार, लोकसेवा हक्क, मोफत विधी सहाय्य आणि मतदार नोंदणी इतके असावे. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो, हे दहावीतच सांगावे.

२. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांतला काही भाग प्रत्यक्ष कामाला द्यावा : मुलाने स्वतः लिहिलेला माहिती अधिकाराचा अर्ज, वाचून समजावलेला सातबारा, ग्रामसभेला किंवा न्यायालयाच्या खुल्या कामकाजाला बसून लिहिलेली टिपणे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल, कुणाकडे जाल’ असा किमान एक प्रश्न अनिवार्य असावा. प्रश्न आला नाही तर तो भाग शिकवला जाणार नाही, हे मी शिक्षिका म्हणून स्पष्ट सांगते.

३. शिक्षकांसाठी सोप्या मराठीत हस्तपुस्तिका काढावी आणि ती दर जूनमध्ये सुधारून संकेतस्थळावर ठेवावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, जुनी कलमे गेली. छापील पुस्तक इतक्या वेगाने बदलू शकत नाही, पुस्तिका बदलू शकते. प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधून, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलावून व्हावे. ते ऑनलाइन व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र घेण्यापुरते नसावे.

४. महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाशी करार करून प्रत्येक माध्यमिक शाळेला तालुका समितीतला एक वकील किंवा विधी स्वयंसेवक नेमून द्यावा. तो वर्षातून एकदा भाषणाला येऊ नये. प्रत्येक सत्रात ठरलेल्या दिवशी, एका वर्गात, प्रश्न घेण्यासाठी यावा. जवळ विधी महाविद्यालय असेल तिथे त्याच्या विद्यार्थ्यांना या कामाचे श्रेयांक मिळावेत.

५. आश्रमशाळा, रात्रशाळा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारी मुले यांना यातून वगळू नये. बालविवाह, मजुरी आणि स्थलांतर यांचा धोका याच मुलांना सर्वांत जास्त आहे.

६. नववी-दहावीचा मसुदा अंतिम करण्याआधी तो जाहीर करावा आणि ग्रामीण शाळांत प्रत्यक्ष हा विषय शिकवणाऱ्यांना अभ्यासमंडळावर घ्यावे.

पहिलीपासून तिसरी भाषा सक्तीची करण्याच्या निर्णयावर २०२५ मध्ये राज्यभर आवाज उठला आणि २९ जून रोजी शासनाने त्या विषयावरचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. लोक बोलले की शासन ऐकते, हे मी तेव्हा वर्गात उदाहरण म्हणून सांगितले होते. नागरिकशास्त्रासाठी मोर्चा निघणार नाही, हे मला माहीत आहे. तरी या मागण्यांवर विभागाची भूमिका काय आहे, कोणती मागणी मान्य आहे आणि कोणती कोणत्या कारणाने नाही, हे आपण लेखी आणि जाहीरपणे कळवावे, ही विनंती. उत्तर आले की ते मी दहावीच्या वर्गात वाचून दाखवीन. तीस दिवसांत आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात, हे मुलांना याच पत्राच्या निमित्ताने करून दाखवीन.

आपली नम्र,
इतिहास व राज्यशास्त्राची एक शिक्षिका